फोटो निघाला, पण पोहोचला का?

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. सिरोंचाहून गडचिरोली गाठायची तर सुमारे 200 किलोमीटर. अशा मुलखात रुग्णाऐवजी त्याचा क्ष-किरण फोटो प्रवास करणार असेल, तर याहून चांगले काय? 2015 साली राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या मोफत निदान सेवेत टेलिरेडिऑलॉजी आली ती याच विचाराने: फोटो तालुक्यात काढावा, तज्ज्ञाने शहरात बसून वाचावा.

पण पाठवलेला फोटो पोहोचला की नाही, हे पाहायचे कोणी? एका सीटी स्कॅनमध्ये शेकडो चित्रे असू शकतात. जोडणी मध्येच तुटली तर काही पोहोचतात, काही मागे राहतात. आणि जे आलेच नाही ते वाचणाऱ्याला दिसणार कसे? 1993 पासून रूढ झालेल्या 'डायकॉम' मानकात यावर उपाय आहे. घेणारा संगणक 'चित्रे जमा झाली' अशी पोच देऊ शकतो. रजिस्टर पत्राची पोचपावतीच म्हणा ना! मात्र ही सोय ऐच्छिक आहे. ती दोन्ही टोकांना सुरू असावी लागते, आणि पोच आली नाही तर चौकशी करणारा माणूसही लागतो.

आपल्या सरकारी अहवालांची सारी भिस्त 'किती तपासण्या केल्या' या आकड्यावर. डोक्याला मार लागलेल्या माणसाला चंद्रपूरला हलवायचे की नागपूरला, हे ठरवणाऱ्या डॉक्टरला त्या आकड्याचा काय उपयोग? फोटो किती वाजता निघाला, पूर्ण केव्हा मिळाला, अहवाल केव्हा परतला, हे कळायला हवे. कंपनीचे बिल चुकते करण्यापूर्वी शासनाने या तीन वेळा मागाव्यात. आणि त्या कंपनीच्या नव्हे, रुग्णालयाच्या घड्याळावर मोजाव्यात.