माळ्यावरचा रेडिओ दुरुस्त करावा, नवा करू नये

१/
माळ्यावरून जुना व्हॉल्व्हचा रेडिओ खाली उतरला की घरात दोन पक्ष पडतात. पहिला पक्ष धूळ झटकून लगेच प्लग खोचतो. दुसरा पक्ष पेटीला पॉलिश करतो, आतले सारे काढून टाकतो आणि तिथे ब्लूटूथ स्पीकर बसवतो. पहिल्याच्या हातून रेडिओ जळतो, दुसऱ्याच्या हातून तो पुसला जातो. या धाग्याचे म्हणणे एवढेच की व्हॉल्व्हचा रेडिओ हे इतिहासाचे साधन आहे. दप्तराचे रुमाल उघडताना जी शिस्त पाळली जाते, तीच सोल्डरिंग आयर्न हाती घेतानाही पाळली पाहिजे.

२/
साधन म्हणजे नेमके काय, हे मागचे पुठ्ठ्याचे झाकण काढल्यावर कळते. व्हॉल्व्हच्या काचेवरची अक्षरे पाहावीत. ईसीएच ८१, ईएल ८४ अशी 'ई'ने सुरू होणारी नावे असतील तर संच बहुधा ट्रान्सफॉर्मरचा, म्हणजे एसी विजेवरचा. 'यू'ने सुरू होणारी असतील तर तो एसी-डीसी संच. त्यात मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो, व्हॉल्व्हचे फिलामेंट एका माळेत जोडलेले असतात. असे संच का निघाले? कारण कोलकात्यासारख्या शहरात कित्येक वस्त्यांना दीर्घकाळ डीसी वीज मिळत होती. आणि डीके ९६, डीएल ९६ अशी 'डी'ची मंडळी दिसली तर तो संच कोरड्या बॅटरीवर चालणारा, वीज न पोहोचलेल्या गावासाठी बांधलेला. शहराच्या आणि खेड्याच्या विजेचा इतिहास असा तीन अक्षरांत सापडतो. गॅझेटियरमध्ये तो शोधायला बराच वेळ लागेल.

३/
डायलची काच हे दुसरे पान. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पण १९४० आणि १९५० च्या दशकांतल्या श्रोत्याचे जग मीडियम वेव्हपुरते नव्हते. १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला, तो ४२.३४ मीटरवर. डायलवरच्या ४१ मीटरच्या खुणेच्या अगदी शेजारची ही जागा. काही आठवड्यांतच, नोव्हेंबरमध्ये, पोलिसांनी तो पकडला. पुढे १९५२ पासून बिनाका गीतमाला ऐकण्यासाठी लोक याच शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन शोधू लागले, कारण आकाशवाणीवर तेव्हा चित्रपटगीतांना फारसे स्थान नव्हते. विविध भारती आली ती ३ ऑक्टोबर १९५७ ला. एखाद्या संचात बँड बदलण्याच्या स्विचचे शॉर्टवेव्हचे संपर्क अधिक झिजलेले आढळले, तर त्या घराची आवडनिवड तेथे लिहिलेली आहे. (असा स्विच घासूनपुसून चकचकीत करण्याआधी एक छायाचित्र तरी घ्यावे.)

४/
आता वादाचा मुद्दा. हौशी मंडळी 'ओरिजिनल'च्या मागे असतात: संच हॉलंडचा किंवा इंग्लंडचा, तर व्हॉल्व्हही तिकडचेच हवेत. पण बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६० च्या दशकात व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली आणि परदेशी संचांत देशी व्हॉल्व्ह बसू लागले. १९५५ च्या संचात 'बीईएल'ची मोहोर असलेला व्हॉल्व्ह निघाला, तर तो दोष नव्हे. आयातीवर निर्बंध असलेल्या देशात एका मेकॅनिकने वस्तू कशी जिवंत ठेवली, याचा तो पुरावा. तो काढून महागडा युरोपीय व्हॉल्व्ह बसवणे म्हणजे मोडी कागदावरची नंतरची टिपणे खोडून मूळ मजकूर 'शुद्ध' करणे होय.

५/
मग हात लावूच नये काय? तेही पटण्यासारखे नाही. संग्रहालयी वृत्तीचे लोक म्हणतात, काचेच्या कपाटात ठेवा. परंतु रेडिओ हे ऐकण्याचे यंत्र आहे. व्हॉल्व्ह तापेपर्यंतचे ते अर्धे मिनिट, हळूहळू वर येणारा आवाज, स्टेशन जुळले की हिरव्या डोळ्याची मिटणारी पापणी, यांवाचून त्या काळचे श्रवण कसे होते हे कळत नाही. मुका संच म्हणजे अर्धा वाचलेला दस्तऐवज.

६/
दुरुस्तीची सुरुवात वीज न लावता होते. कापडी वेष्टणाच्या वायरीतले रबर बोटाने चुरा होत असेल तर वायर आधी बदलावी. मागची व्होल्टेजची पट्टी ११० वर तर नाही ना, हे पाहावे. त्यानंतर सिरीजमध्ये साधा ६० वॉटचा फिलामेंटचा बल्ब जोडून वीज द्यावी. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. पूर्ण तेजाने पेटतच राहिला तर आत शॉर्ट आहे, प्लग काढावा.

सिरीज बल्ब संचाला वाचवतो, माणसाला नाही. आत अडीचशे व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक दाब असू शकतो आणि फिल्टरचे कपॅसिटर प्लग काढल्यावरही तो धरून ठेवू शकतात. ते रेझिस्टरमधून रिकामे करून, मीटरने खात्री करूनच हात घालावा. 'यू' संचात तर लोखंडी चॅसिसच विजेच्या एका तारेला जोडलेली असते. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि जाणता माणूस शेजारी नसेल तर त्या संचाला नवशिक्याने उघड्या अवस्थेत वीज देऊ नये. इथे हौसेला सवलत नाही.

७/
जुन्या संचातला खरा घातकी भाग आकाराने करंगळीएवढा असतो: शेवटच्या, आवाज वाढवणाऱ्या व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे जाणारा मेणकागदाचा कपॅसिटर. कोकणच्या पावसाळ्यांत कागद ओल धरतो, कपॅसिटर गळू लागतो आणि ग्रिडवर धन दाब येतो. मग व्हॉल्व्ह अतोनात प्रवाह ओढतो, स्वतः लाल होतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. संच सुरुवातीला छान वाजतो, म्हणून हे कोणाच्या ध्यानात येत नाही. 'आमचा रेडिओ तर लावल्याबरोबर चालू झाला' म्हणणाऱ्यांनी ग्रिडवर मीटर लावून पाहावा. एखादा व्होल्ट जरी धन दिसला तरी तो कपॅसिटर बदलावा. तितक्याच मायक्रोफॅरडचा, ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर पुरतो. आवाजात सतत घुमणे असेल तर आधी फिल्टरच्या कपॅसिटरकडे बघावे.

ॲल्युमिनियमच्या डब्यांतले आयएफचे स्क्रू मात्र फिरवू नयेत. ते सैल वाटतात, पण सैल नसतात. नेमक्या कंपनसंख्येवर जुळवलेले असतात.

८/
काही कुशल लोक जुन्या कपॅसिटरचे पोट पोखरून त्यात नवा लपवतात, म्हणजे वरून सारे जुनेच दिसते. कारागिरी म्हणून ती देखणी आहे. पण पुढे संच उघडणाऱ्याला फसवणारी दुरुस्ती आहे. नवा भाग नवा दिसावा, हे अधिक प्रामाणिक.

९/
काढलेले भाग फेकू नयेत. एका पाकिटात घालून पेटीतच, व्हॉल्व्हच्या उष्णतेपासून दूर, कोपऱ्यात ठेवावेत. सोबत एक चिठ्ठी: तारीख, काय काढले, काय बसवले, कोणत्या ठिकाणी किती व्होल्ट मिळाले. पोस्टातून मिळालेले, तिकिटे चिकटवलेले रेडिओ परवान्याचे पुस्तक घरात कुठे सापडले तर तेही तिथेच. झाकणाच्या आतल्या बाजूला जुन्या मेकॅनिकने पेन्सिलीने लिहिलेली तारीख असेल, तर ओले फडके तिच्यापासून दूर ठेवावे.