वरच्या थरातला आंबा

हापूसची पेटी घेताना विक्रेता वरचे गवत बाजूला सारतो आणि एक फळ आपल्या हातात ठेवतो. फळ खरोखरच उत्तम असते. त्यात लबाडी असतेच असे नाही. पण घरी येते ती अख्खी पेटी! बाजारात न आलेल्या प्रोसेसरचे प्रथमदर्शनही याच जातीचे असते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतील हवाई बेटांवर क्वालकॉम कंपनीने ‘स्नॅपड्रॅगन एक्स एलिट’ हा लॅपटॉपचा नवा प्रोसेसर जाहीर केला. पत्रकारांना तो चालताना पाहायला मिळाला. मात्र लॅपटॉप कंपनीनेच नमुन्यादाखल घडवलेले आणि चाचण्याही तिनेच निवडलेल्या! एक लॅपटॉप २३ वॅटचा, दुसरा ८० वॅटचा. मोठ्या लॅपटॉपमध्ये बारापैकी दोन कोर ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत धावत होते. ते आकडे जगभर छापून आले.

प्रत्यक्ष विक्री सुरू झाली ती जून २०२४ मध्ये. दुकानात आलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये याच नावाचा, पण ३.४ गिगाहर्ट्झवर थांबणारा प्रोसेसर होता. त्यात नवल नाही. एकाच चकतीतून निघालेल्या सगळ्या चिप सारख्या नसतात. आंब्यांप्रमाणे त्यांचीही प्रतवारी होते. शिवाय पातळ लॅपटॉपमधून उष्णता बाहेर टाकण्याला मर्यादा असते. इंटेलच्या धर्तीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेली जुनी सॉफ्टवेअर इथे दुभाष्यामार्फत चालवावी लागली. काही खेळ चाललेच नाहीत. बॅटरी मात्र खरोखरच दीर्घकाळ टिकली. म्हणजे आधी दाखवले ते खोटे नव्हते, अपुरे होते.

कंपन्यांनी आपला माल नटवून दाखवू नये, असे कोण म्हणेल? आमची तक्रार आहे ती त्या झलकेलाच परीक्षण समजण्याच्या घाईबद्दल. कॉलेजात जाणाऱ्या मुलीसाठी लॅपटॉप घेताना घरात कित्येक महिन्यांची बचत खर्ची पडते आणि तोच लॅपटॉप पुढे चार-पाच वर्षे वापरायचा असतो. तेव्हा विक्री सुरू झाल्यावर थोडे थांबावे, दुकानातून आणलेल्या लॅपटॉपच्या त्रयस्थ चाचण्या वाचाव्यात. प्रोसेसरच्या नावापुढचा क्रमांकही नीट पाहावा. आणि मुलीला लागणारे सॉफ्टवेअर त्यावर चालते का, हे पैसे मोजण्यापूर्वी दुकानातच चालवून बघावे. पेटी घेताना खालचा थर उचकून पाहणाऱ्या ग्राहकाला विक्रेता नाके मुरडतो; पण त्याच्या घरी आंबे चांगले निघतात.