किल्ल्या किती, हे पत्ता ठरवत नाही

एन्क्रिप्ट केलेला ईमेल उघडत नाही अशी तक्रार आली, की अनेक कार्यालयांत पहिला उपाय ठरलेला असतो: किल्ल्यांची नवी जोडी तयार करायची आणि सार्वजनिक किल्ली सगळ्यांना पाठवून द्यायची. तक्रार तेवढ्यापुरती मिटते. पण आता त्याच पत्त्याच्या नावाने दोन किल्ल्या फिरू लागतात. जुनी कोणाच्या जुडग्यात राहिली आणि नवी कोणापर्यंत पोचली, याचा हिशेब कोणाकडेच नसतो. पुढची तक्रार येते ती आधीपेक्षा गुंतागुंतीची होऊन, आणि तीन-चार पत्ते वापरणाऱ्याच्या बाबतीत ती फार लवकर येते. आमचे म्हणणे असे, की या तक्रारींचे मूळ गणितात क्वचित असते. ते पत्ता आणि किल्ली यांच्या नात्यात असते. ते नाते सांभाळायचे, तर किती किल्ल्या हव्यात हे पत्त्यांच्या संख्येवरून ठरवू नये. खासगी किल्ली कोणाच्या ताब्यात राहणार, यावरून ते ठरवावे.

ओपनपीजीपी या ईमेल एन्क्रिप्शनच्या मानकाची रचना पाहिली की हे पटते. तिथे एक मुख्य किल्ली असते, तिच्याखाली सही आणि एन्क्रिप्शन अशा वेगवेगळ्या कामांच्या उपकिल्ल्या असतात, आणि नाव-पत्ता असलेले 'यूजर आयडी' तिला बाहेरून जोडलेले असतात. एका किल्लीला असे कितीही यूजर आयडी जोडता येतात. एन्क्रिप्ट केलेल्या मजकुराला पत्ता ठाऊकच नसतो. त्यावर उपकिल्लीचा क्रमांक तेवढा असतो. पत्त्यावरून किल्ली शोधण्याचे काम पाठवणाऱ्याचा प्रोग्राम करतो, आणि प्रत्येक प्रोग्रामची रीत निराळी. एकाच पत्त्याच्या दोन किल्ल्या सापडल्या, तर कोणी वैध ठरलेली निवडतो, कोणी आधी दिसलेली उचलतो. थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रामने २०२० मधल्या ७८व्या आवृत्तीपासून स्वतःचा वेगळा जुडगा ठेवला, त्यामुळे जीएनयूपीजी या ओपनपीजीपी प्रोग्रामच्या जुडग्यात असलेली किल्ली तिथे आपोआप दिसत नाही. २०१९ मध्ये सुरू झालेला 'कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ऑर्ग' हा की-सर्व्हर ईमेलने खातरजमा झाल्याशिवाय कोणताही पत्ता प्रसिद्ध करत नाही. तीनपैकी एकाच पत्त्याची खातरजमा केली असेल, तर उरलेल्या दोन पत्त्यांवरून शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. एकाही पत्त्याची केली नसेल, तर यूजर आयडीविना मिळालेली ती किल्ली जीएनयूपीजी आयात करायला नकार देतो. यांतल्या एकाही ठिकाणी एन्क्रिप्शन बिघडलेले नसते.

म्हणून तपासाची सुरुवात सेटिंगपासून न करता न उघडणाऱ्या ईमेलपासून करावी. जीएनयूपीजीचा 'लिस्ट-पॅकेट्स' हा पर्याय मजकूर कोणकोणत्या किल्ल्यांसाठी बंद केला आहे, ते क्रमांकांसह दाखवतो. हा क्रमांक बहुधा उपकिल्लीचा असतो. तो मुख्य किल्लीशी ताडून 'ही आमची किल्लीच नाही' असा निष्कर्ष काढणे ही नेहमीची चूक आहे. सगळी शून्ये दिसली, तर पाठवणाऱ्याने प्राप्तकर्त्याची ओळख मुद्दाम लपवलेली असते. क्रमांक आपल्या कोणत्याच उपकिल्लीशी जुळत नसेल, तर पाठवणाऱ्याकडे चुकीची किंवा कधीच टाकून दिलेली किल्ली आहे. क्रमांक जुळतो, पण खासगी भाग या संगणकावर नाही, तर तो जुन्या लॅपटॉपवर किंवा स्मार्टकार्डात शोधावा. दोन्ही असूनही ईमेल उघडत नसेल, तर प्रोग्रामांची आवृत्ती पाहावी: जीएनयूपीजी २.३ पासूनच्या किल्ल्या ओसीबी ही एन्क्रिप्शनची पद्धत चालते असे जाहीर करतात, आणि तीच किल्ली दुसऱ्या प्रोग्राममध्ये नेली तर आलेला मजकूर त्याला उलगडेलच असे नाही. मुदत संपलेल्या किल्लीने जुने ईमेल उघडता येतात. ती पुसली, तर ते कायमचे बंद. मुदत वाढवल्याने किल्लीची ओळखखूण, म्हणजे फिंगरप्रिंट, बदलत नाही, मात्र वाढवलेली प्रत समोरच्याकडे पोचवावी लागते. आणि ओळख पटवताना फिंगरप्रिंटच्या शेवटच्या आठ अक्षरांवर विसंबू नये. तेवढी अक्षरे जुळणारी नकली किल्ली ग्राफिक्स कार्डावर काही सेकंदांत बनते, हे २०१४ मध्येच दाखवून झाले आहे.

एस-माइम ही प्रमाणपत्रांवर आधारलेली पद्धत वापरणाऱ्यांची गोष्ट मुळात वेगळी नाही. आपल्याकडे कर-विवरणपत्रासाठी घेतलेला डिजिटल सहीचा टोकन ईमेलही एन्क्रिप्ट करेल, असे अनेकांना वाटते. पण प्रमाणपत्र फक्त सहीसाठी दिलेले असेल, तर ते काम त्याच्या कक्षेतच येत नाही. एन्क्रिप्शनचे प्रमाणपत्र वेगळे घ्यावे लागते. नूतनीकरणात किल्ली बदलली, तर जुने प्रमाणपत्र खासगी किल्लीसह जपावे लागते, आणि समोरच्यांच्या संपर्कयादीत राहिलेली जुनी प्रत बदलून घ्यावी लागते.

आमच्या मतावर एक वजनदार आक्षेप आहे. सगळे पत्ते एकाच किल्लीला जोडले, तर कार्यालयातला माणूस आणि खासगी पत्त्यामागचा माणूस एकच आहे हे जगजाहीर होते. जुन्या पद्धतीच्या की-सर्व्हरवर गेलेला यूजर आयडी रद्द केला तरी पुसला जात नाही. हा आक्षेप खरा आहे, आणि ताब्याची कसोटी त्याला धरूनच आहे. कार्यालयाचा पत्ता संस्थेचा असतो, त्याच्या किल्लीची राखीव प्रत संस्थेकडे असू शकते. तिथे ताबा दोघांचा, म्हणून किल्ल्याही दोन. दोन ओळखी एकमेकींपासून लपवायच्याच असतील, तर तिथेही वेगळी किल्ली हवी; हा अपवाद आम्ही मान्य करतो. पण एकाच पेटीत येणाऱ्या दोन पर्यायी पत्त्यांना दोन किल्ल्या देऊन काहीच साधत नाही. उलट, पाच जण मिळून वाचतात त्या विभागाच्या पत्त्यावर एखाद्याची वैयक्तिक किल्ली वाटत फिरणे धोक्याचे आहे. तिथे एकतर विभागाची स्वतंत्र किल्ली असावी आणि माणूस सोडून गेला की ती बदलावी, नाहीतर पाठवणाऱ्याने पाचही जणांच्या किल्ल्यांनी मजकूर बंद करावा. जीएनयूपीजीतली 'ग्रुप' ही सोय आणि थंडरबर्डमधली अलायस नियमांची फाइल त्यासाठीच आहेत.

दुसरा आक्षेप असा, की वेब की डिरेक्टरी आणि ऑटोक्रिप्ट या यंत्रणा किल्ल्या आपोआप शोधतात, तेव्हा हा खटाटोप कशाला? यंत्रणेने हे ओझे उचलावे हे आम्हालाही मान्य आहे, कारण सामान्य वापरकर्त्याकडून ते उचलले जात नाही. व्हिटन आणि टायगर या संशोधकांच्या १९९९च्या अभ्यासात पीजीपी ५.० हा एन्क्रिप्शन प्रोग्राम वापरणाऱ्या १२ जणांपैकी एक-तृतीयांशच दीड तासात ईमेलवर सही करून तो नीट एन्क्रिप्ट करू शकले. सात जणांनी समोरच्याऐवजी स्वतःच्याच किल्लीने मजकूर बंद केला. मात्र डिरेक्टरीत कोणत्या पत्त्यापुढे कोणती किल्ली ठेवायची, हे शेवटी प्रशासकच ठरवतो. त्याने जुनी किल्ली ठेवली, तर यंत्रणा तीच इमानेइतबारे सर्वांना वाटेल.

तेव्हा प्रत्येक संस्थेने एक साधी नोंदवही ठेवावी: पत्ता, पूर्ण फिंगरप्रिंट, खासगी किल्लीचा ताबा कोणाकडे, मुदत कधीपर्यंत, ती कुठे कुठे प्रसिद्ध केली. नवी किल्ली मागणाऱ्याला आधी या वहीत जुनीचे काय झाले ते लिहायला सांगावे. ते लिहिता येत नसेल, तर नवी किल्ली देऊ नये.