शंका उसनी असते का?

यू. आर. अनंतमूर्ती यांची ‘संस्कार’ ही कन्नड कादंबरी १९६५ साली प्रसिद्ध झाली, तेव्हापासून एका आक्षेपाने तिची पाठ सोडलेली नाही. तिच्यातली तगमग युरोपातून आणलेली आहे आणि मलनाडातल्या ब्राह्मणांच्या अग्रहाराला ती वरून चिकटवली आहे, असा तो आक्षेप. अनंतमूर्तींनी ही कादंबरी बर्मिंगहॅमला पीएच.डी. करत असताना लिहिली आणि बर्गमनचा ‘द सेव्हन्थ सील’ हा चित्रपट पाहून ती सुचली, असे त्यांनी स्वतःच सांगितल्यामुळे आक्षेप घेणाऱ्यांना पुरावा आयताच मिळाला. मराठी वाचकाला हा वाद ओळखीचा वाटेल. १९६३च्या ‘कोसला’वरही अस्तित्ववादाचा शिक्का बसला होता आणि तिचे लेखक भालचंद्र नेमाडे पुढे देशीवादाचे सर्वांत ठाम प्रवक्ते झाले. बेंगळुरूत राहून मराठी वाचणाऱ्याला ही दोन्ही भांडणे शेजारी ठेवून पाहता येतात, आणि तशी पाहिली की त्यांच्या मुळाशी असलेली चूक दिसते. प्रश्न कुठल्या देशातून आला यावरून कादंबरीचे देशीपण ठरत नाही. त्या प्रश्नाची किंमत कादंबरीतल्या गावात कोणाला आणि कशी मोजावी लागते, यावरून ते ठरते. यासाठी माझा साक्षीदार आहे स्पेनचा मिगेल दे उनामुनो.

उनामुनो १८६४ साली बिल्बाओत जन्मले, १८९१पासून सालामांका विद्यापीठात ग्रीक शिकवू लागले आणि १९०० साली तिथले कुलगुरू झाले. स्पेनने युरोपासारखे व्हावे की नाही, या त्या काळच्या मोठ्या वादात ते युरोपीकरणाच्या विरुद्ध उभे राहिले आणि त्यावरून तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गासेत यांच्याशी त्यांचे खटके उडाले. ‘डॉन किहोते’वर त्यांनी १९०५ साली लिहिलेले भाष्य म्हणजे स्पेनच्या आत्म्याचा शोधच होता. तरीही तत्त्वज्ञ किर्केगार्द मुळातून वाचता यावा म्हणून डॅनिश भाषा शिकणारे गृहस्थ हेच. स्पेनच्या मातीचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या माणसाने आपल्या श्रद्धेच्या दुखण्याला सोबती शोधला तो कोपनहेगनमध्ये, आणि यात काही विसंगती आहे असे त्यांना वाटले नाही. मला तर यातच त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो. त्यांच्या ‘धुके’ (१९१४) या कादंबरीचा नायक आत्महत्येचा विचार घेऊन थेट सालामांकाला लेखकाच्या घरी जातो आणि लेखक त्याला सांगतो की तू अस्तित्वातच नाहीस, मरणार कसा? हा खेळ कुठल्याही देशात मांडता आला असता. ‘संत मान्वेल बुएनो, हुतात्मा’ ही १९३१ची छोटी कादंबरी मात्र दुसरीकडे कुठे घडू शकली नसती.

त्या कादंबरीत वाल्व्हेर्दे दे लुसेर्ना नावाचे तळ्याकाठचे खेडे आहे आणि तिथला धर्मगुरू डॉन मान्वेल. सगळे गाव एकसुरात धर्मप्रतिज्ञा म्हणते, पण देहाच्या पुनरुत्थानाचे आणि शाश्वत जीवनाचे शब्द आले की मान्वेलचा आवाज थांबतो. गावाचा आवाज तसाच पुढे जात असल्यामुळे हे कोणाच्या लक्षात येत नाही. मृत्यूनंतर काही आहे यावर त्याचा विश्वास नाही. पण शेतात राबणाऱ्या, मुले पुरणाऱ्या या माणसांचा एवढा एकच आधार काढून घ्यायचा अधिकार आपल्याला नाही, असे तो मानतो. अमेरिकेतून सुधारणेचे विचार घेऊन परतलेला लासारो हे गुपित कळल्यावर गावासाठी श्रद्धाळूपणाचे सोंग पत्करतो. ही शंका किर्केगार्दकडून आली की आणखी कोणाकडून, याने काय फरक पडतो? मान्वेलला ती जन्मभर गिळावी लागते, कारण त्याच्या मागे एक गाव उभे आहे. खोलीत एकटाच बसलेल्या तत्त्वज्ञाला ही किंमत मोजावी लागत नाही.

‘संस्कार’मधला दूर्वासपूरचा अग्रहार याच कसोटीवर पाहावा. नारणप्पा प्लेगने मरतो. त्याने ब्राह्मण्य उधळून लावलेले असते, पण वाळीत टाकलेत तर मुसलमान होईन अशी धमकी दिल्यामुळे त्याला जातीबाहेर काढायचे कोणाला धाडस झालेले नसते. म्हणून प्रेत ब्राह्मणाचेच राहते आणि ते जळेपर्यंत कोणाच्या घरी अन्न शिजवता येत नाही. खर्चासाठी नारणप्पाबरोबर राहणारी चंद्री अंगावरचे दागिने उतरवून ठेवते आणि कालपर्यंत अंत्यविधी टाळणाऱ्यांमध्ये तो करण्याची चढाओढ लागते. अग्रहाराचे पंडित प्राणेशाचार्य पोथ्या उलटतात, मारुतीपुढे कौल मागत दिवसभर बसतात, पण उत्तर येत नाही. इकडे उंदीर मरत असतात, छपरांवर गिधाडे उतरत असतात आणि भुकेने सगळ्यांची धर्मबुद्धी ढासळत असते. सोयर-सुतकाचे नियम, उपास, दागिन्यांचा लोभ आणि जातीची भीती यांतून घट्ट होत गेलेला हा पेच बर्मिंगहॅममध्ये सापडला असता का? तिथे फार तर तो पाहण्यापुरते अंतर मिळाले. ‘कोसला’तही नायक पांडुरंगाच्या मनातले शून्य पुस्तकी वाटत नाही, ते धाकट्या बहिणीच्या, मणीच्या, मृत्यूमुळे.

हे प्रश्न त्या त्या घरचेच होते, याला आणखी एक पुरावा आहे. पट्टाभिराम रेड्डी यांनी १९७० साली ‘संस्कार’वर चित्रपट केला. त्यात गिरीश कर्नाड आचार्य झाले, पी. लंकेश नारणप्पा आणि स्नेहलता रेड्डी चंद्री. मद्रासच्या सेन्सॉरने त्याला बंदी घातली. ती पुढे उठली आणि चित्रपटाला सुवर्णकमळ मिळाले. तिकडे उनामुनोच्या मृत्यूला वीस वर्षे होऊन गेल्यावर, १९५७ साली, व्हॅटिकनने त्यांची दोन पुस्तके निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घातली. बंदीमुळे पुस्तक मोठे ठरत नाही, हे मान्य. पण परक्या घरच्या भांडणाने कोणाचे सोवळे विटाळत नाही. ज्यांना राग आला त्यांनी आपलेच घर ओळखले होते.

उनामुनोची भूक वैयक्तिक अमरत्वाची होती, पुनर्जन्म मानणाऱ्या परंपरेत त्या भुकेला काय अर्थ, असे कोणी विचारील. फरक खराच आहे, आणि तो पुसून टाकला तर माझेच म्हणणे पोकळ होईल. मान्वेलला मरणानंतरचे जग छळते; आचार्यांपुढे प्रश्न आहे तो अंगणापलीकडे सडत चाललेल्या प्रेताचा. मान्वेल शंका लपवून संतपदाच्या वाटेवर जातो. आचार्य पत्नीच्या मृत्यूचे सुतक असताना मेळिगेच्या रथोत्सवात देवळातल्या पंगतीला बसतात, ओळखले जातात आणि शेवटी सगळे सांगून टाकण्यासाठी दूर्वासपूरकडे निघतात. एकाने गावासाठी मौन निवडले, दुसऱ्याला गावापुढे बोलल्यावाचून गत्यंतर उरले नाही. प्रश्न नुसताच आयात केलेला असता तर उत्तरही सोबत आले असते. इथे ते गावागणिक बदलले आहे.

मला सर्वांत वजनदार वाटणारा आक्षेप वेगळाच आहे आणि तो युरोपाशी संबंधित नाही. ‘संस्कार’मध्ये सगळा आत्मशोध पंडिताच्या वाट्याला येतो, चंद्री आणि दलित तरुणी बेळ्ळी या बहुतेक वेळा पुरुषांच्या नजरेतूनच दिसतात. उनामुनोने मान्वेलची कथा निदान आंखेला या स्त्रीच्या लेखणीतून सांगितली. ही उणीव नाकारता येत नाही. तरी कादंबरीची रचना लेखकाच्या सहानुभूतीपेक्षा पुढे जाते. आचार्यांशी रात्री जंगलात संग झाल्यावर चंद्री घरी येते आणि प्रेताची सोय लावायला निघते. गाडीवान शेषप्पा ब्राह्मणाच्या प्रेताला हात लावायला घाबरतो, तेव्हा अहमद बारी हा मासळीचा व्यापारी मदतीला येतो आणि रातोरात दहन उरकते. ज्या प्रश्नावर अख्खा अग्रहार उपाशी बसला आहे तो मिटलेला असतो आणि ते कोणाला कळतही नाही. लेखकाची शंका इथे विचार करणाऱ्या माणसावरच उलटते, आणि कादंबरीतला सर्वांत खोल तात्त्विक क्षण मला हाच वाटतो. नंतर चंद्री कुंदापूरला निघून जाते आणि लेखक तिच्या मागे जात नाही. ते काम कन्नडमध्ये पुढच्या पिढीने हाती घेतले. देवनूर महादेव यांच्या ‘ओडलाळ’ आणि ‘कुसुमबाले’मध्ये अग्रहाराबाहेरची माणसे स्वतःच्या भाषेत बोलू लागली. अनंतमूर्तींच्या मर्यादा दाखवायच्याच असतील, तर बर्मिंगहॅमचा पत्ता विचारण्यापेक्षा ‘संस्कार’नंतर ही पुस्तके वाचायला घ्यावीत.