आगाऊ प्रेक्षक

‘आगाऊ’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. वेळेच्या आधी केलेले ते आगाऊ, आणि ज्याला आपली पायरी कळत नाही तोही आगाऊच. क्रूझवरील मनोरंजनाच्या खेळांचे प्रवासाला निघण्यापूर्वीच, कित्येकदा काही महिने आधी, आरक्षण करून ठेवण्याची जी पद्धत गेल्या पंधरासोळा वर्षांत रूढ झाली आहे, तिच्यात हे दोन्ही अर्थ सुखाने एकत्र नांदतात, असे माझे मत आहे. या पद्धतीला सोय म्हटले जाते. प्रस्तुत लेखकाला ती प्रेक्षक नावाच्या संस्थेवर झालेली एक शांत, सभ्य आणि म्हणूनच फारशी कोणाच्या लक्षात न आलेली कुरघोडी वाटते.

हा श्रीमंतांच्या खेळण्याविषयीचा वाद आहे, साहित्याच्या विद्यार्थ्याने त्यात का पडावे, असा आक्षेप येथे येईल. त्याला एक उत्तर असे की सिंगापूरहून सुटणाऱ्या मोठ्या जहाजांवर मराठी मध्यमवर्ग आता सहलकंपन्यांच्या बरोबर सर्रास जातो, आणि २०२१ पासून मुंबई बंदरातूनही ‘एम्प्रेस’ हे १९९० साली बांधलेले जुने जहाज नव्या मालकीखाली प्रवासी घेऊन निघू लागले. पण खरे उत्तर वेगळे आहे. नाटक पाहणारा माणूस नाटकाला कोणत्या वाटेने येतो, याचा त्याच्या पाहण्यावर परिणाम होतो. रंगभूमीचा अभ्यास करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

पद्धत थोडक्यात अशी. रॉयल कॅरिबियन कंपनीचे ‘ओअ‍ॅसिस ऑफ द सीज’ हे जहाज २००९ च्या डिसेंबरात पहिल्या सफरीवर निघाले. त्याच्यावर एक मोठे नाट्यगृह, बर्फावरील नृत्याची एक रंगशाळा आणि मागच्या टोकाला पाण्यातील कसरतींचे एक उघडे प्रेक्षागार होते. दुसऱ्याच वर्षी ‘नॉर्वेजियन एपिक’ आले. या जहाजांवरील बहुतेक खेळांना वेगळे पैसे पडत नाहीत, ते प्रवासाच्या भाड्यात धरलेले असतात. मात्र खुर्ची हवी असेल तर ती नोंदवावी लागते: कधी घरबसल्या संगणकावर, कधी जहाजावर पाऊल ठेवताच फोनमधील ॲपवर. ज्यांनी नोंदवली नसेल त्यांनी दाराशी वेगळ्या रांगेत उभे राहावे. खेळ सुरू होण्याच्या काही मिनिटे आधी, नोंदवूनही न आलेल्यांच्या खुर्च्या या रांगेला मोकळ्या होतात. कोणत्या जहाजावर नोंदणी केव्हा उघडते याचे नियम जहाजागणिक आणि वर्षागणिक बदलत असतात, आणि ते ठाऊक असणे हेच आता अनुभवी प्रवाशाचे लक्षण मानले जाते.

आता अंकगणित पाहू. ‘ओअ‍ॅसिस’वर एका खोलीत दोघे या हिशेबाने सुमारे ५,४०० प्रवासी असतात. मोठ्या नाट्यगृहात खुर्च्या चौदाशेच्या आत. सात दिवसांच्या सफरीत संगीतिकेचे तीन प्रयोग झाले तर जेमतेम ४,२०० माणसे ती पाहू शकतात, आणि उरलेले हजार-बाराशे राहिलेच. उघड्या प्रेक्षागाराची गोष्ट तर आणखी नाजूक. तेथे पंधरा मीटरहून उंच फळीवरून कलाकार सूर मारतात. वारा वाढला किंवा जहाज डोलू लागले की खेळ रद्द होतो, मग तुमची नोंदणी महिनाभरापूर्वीची असो वा तीन महिन्यांपूर्वीची. म्हणजे टंचाई ही प्रवाशांच्या हावेतून आलेली नाही, ती जहाजाच्या आराखड्यातच आहे. खोल्या किती असाव्यात आणि खुर्च्या किती असाव्यात हे एकाच कागदावर, एकाच दिवशी, एकाच कंपनीने ठरवलेले असते. आणि ही टंचाई वाटून घेण्याचे काम मात्र प्रवाशावर सोपवलेले.

पूर्वी हे काम कसे होत असे? येथे थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे, कारण या पद्धतीचे समर्थक तिला जणू निसर्गनियम समजतात. जुन्या क्रूझवर रात्रीच्या जेवणाच्या दोन पंगती असत, एक लवकरची आणि एक उशिराची. तुमचे टेबल ठरलेले, सोबती ठरलेले, वाढपी ठरलेला. लवकरच्या पंगतीतील लोक जेवून नाट्यगृहात जात, आणि उशिराच्या पंगतीतील लोक जेवणाआधी किंवा त्यांच्यासाठी ठेवलेल्या वेगळ्या प्रयोगाला बसत. पंगतीनेच प्रेक्षक वाटले जात. कोणालाही काही नोंदवावे लागत नसे. या व्यवस्थेत शाळेच्या वसतिगृहासारखे काहीतरी होते हे मान्य. २००० साली नॉर्वेजियन कंपनीने ‘फ्रीस्टाइल’ नावाने ही पंगत मोडली: हवे तेव्हा, हवे तेथे, हव्या त्या माणसांबरोबर जेवा. जाहिरात स्वातंत्र्याची होती आणि ती खोटीही नव्हती. पण पंगत मोडली तेव्हा नाट्यगृहाचे आपोआप होणारे वाटपही मोडले. साडेसात वाजता कोण जेवत असेल आणि कोण नाटकाला येईल हे कोणालाच सांगता येईना. मग जेवणाचेही आरक्षण आले आणि नाटकाचेही. एका वेळापत्रकातून सुटका झालेल्या माणसाच्या हाती दुसरे, स्वतः भरायचे वेळापत्रक देण्यात आले. पहिले निदान कोऱ्या चौकटीचे नव्हते.

डेव्हिड फॉस्टर वॉलेस १९९५ च्या मार्चमध्ये कॅरिबियन समुद्रात सात रात्रींच्या क्रूझवर गेला होता. त्यावरचा त्याचा दीर्घ निबंध १९९६ च्या जानेवारीत ‘हार्पर्स’ मासिकात आला, आणि इंग्रजी विभागांतून तो आजही वाचला-शिकवला जातो. त्याची तक्रार काय होती? जहाज तुमच्यासाठी सगळेच करते, निर्णय घेण्याची तसदीही तुम्हाला देत नाही, आणि या अतिलाडाने माणसाचे अर्भक होते, ही. निबंधाचा शेवट एका संमोहनकाराच्या खेळाने होतो आणि त्या शेवटाला जी धार आहे ती याच सूत्रामुळे: इच्छा दुसऱ्याच्या हवाली केलेली माणसे. आज तो निबंध शिकवताना एक तळटीप जोडणे भाग आहे. क्रूझने ही टीका जणू मनावर घेतली आणि उलट टोक गाठले. आजच्या प्रवाशाला अर्भक होण्याची उसंतच नाही, तो स्वतःच्या सुट्टीचा कारकून झाला आहे. मंगळवारी रात्री बर्फावरचे नृत्य, बुधवारी संगीतिका, गुरुवारी पाण्यातली कसरत. बुधवारचे जेवण संगीतिकेवर आदळते म्हणून ते पाऊण तास अलीकडे. मुलांच्या झोपेची वेळ पाहता गुरुवारचा पहिला प्रयोग. हे सगळे घरी बसून, समुद्र न पाहता ठरवायचे. लाड संपले नाहीत, पण ते मिळवण्याची मजुरी आपली आपण करायची आहे.

आणि हा निर्णय घेणारा कोण? तीन महिन्यांपूर्वीचा मी. त्या माणसाला त्या बुधवारी पोटात ढवळेल की नाही, डेकवर बसून अंधार पाहावासा वाटेल की नाही, बंदरातून परतताना कोणाशी गप्पा रंगतील, यातले काहीही ठाऊक नाही. घरच्या गावी आपण नाटकाचे तिकीट आधी काढतो तेव्हा आपण आपल्या रोजच्या आयुष्यातून एक संध्याकाळ वेगळी काढत असतो. क्रूझवर रिकाम्या संध्याकाळी मिळाव्यात म्हणूनच तर पैसे मोजलेले असतात. रिकाम्यातून वेगळे काय काढणार?

जहाजावरचे नाटक ही तशी आजची गोष्ट नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या तिसऱ्या सफरीत, १६०७ साली, ‘रेड ड्रॅगन’ या जहाजावर सिएरा लिओनच्या किनाऱ्याजवळ ‘हॅम्लेट’चा प्रयोग झाल्याची नोंद कप्तान विल्यम कीलिंगच्या नावावर सांगितली जाते. ती नोंद अस्सल की बनावट यावर अभ्यासकांत वाद आहे, आणि तो मिटवणे हे आपले काम नाही. (याच सफरीतील दुसरे जहाज ‘हेक्टर’ १६०८ मध्ये सुरतेला लागले, एवढे मात्र निर्विवाद.) लक्षात घेण्याजोगे आहे ते त्या नोंदीत दिलेले कारण: माणसे आळसात, जुगारात आणि झोपेत वेळ घालवू नयेत म्हणून नाटक. म्हणजे समुद्रावरचे नाटक रिकाम्या वेळातून उगवते आणि रिकाम्या वेळाशीच त्याची स्पर्धा असते. झोपेऐवजी नाटक निवडणारा खलाशी त्या क्षणी प्रेक्षक होतो. आजच्या जहाजावर ती निवड करण्याचा क्षणच शिल्लक नाही, कारण ती कधीच होऊन गेलेली असते.

माझा मुख्य मुद्दा मात्र याच्याही पलीकडचा आहे. आगाऊ आरक्षण हे मराठी रंगभूमीला नवे नाही. नाट्यगृहाच्या खिडकीवर प्लॅन उघडणे, पहिल्या रांगा किती वेळात गेल्या याची चर्चा होणे, ‘हाऊसफुल्ल’ची पाटी लागणे हा तिच्या लोककथेचा भाग आहे. पण आपला प्लॅन हा निकाल असतो. सांगलीकरांचा आश्रय संपल्यावर विष्णुदास भावे मंडळी घेऊन बाहेर पडले आणि १८५३ साली मुंबईत त्यांनी तिकीट लावून प्रयोग केले. त्या घटनेचे महत्त्व केवळ व्यावसायिक नाही. राजाश्रयातला प्रेक्षक पाहुणा असतो आणि पाहुण्याने नावे ठेवायची नसतात. तिकीट काढणाऱ्याला नावे ठेवण्याचा हक्क मिळाला, आणि पुढच्या प्रयोगाला न जाण्याचाही. नाटक पडते ते या हक्काने. प्लॅनवर पाढऱ्या राहिलेल्या चौकटी निर्मात्याला जे सांगतात ते कोणताही समीक्षक सांगू शकत नाही.

जहाजावरचा प्लॅन काहीच सांगत नाही. या आठवड्याचा प्रेक्षक पुढच्या आठवड्याला नसतो. नटसंच काही महिन्यांच्या कराराने बांधलेला, भाडे आधीच जमा, आणि समुद्रावर दुसरे नाट्यगृह नाही. नोंदणी भरते ती नाटक चांगले म्हणून नव्हे, तर ती भरेल या भीतीने. फुकट मिळते म्हणून माणसे तीनही खेळ नोंदवून ठेवतात आणि आयत्या वेळी दोन सोडून देतात. मग दाराबाहेर रांग आणि आत रिकाम्या खुर्च्या, असे दृश्य दिसते. पूर्वीचे प्रवासी नव्यांना सल्ला देतात, पण तो नाटकाविषयी क्वचितच असतो. नोंदणी कोणत्या दिवशी उघडते याविषयी असतो. हे नाटक पडूच शकत नाही. जे पडू शकत नाही त्याच्या यशाला काय अर्थ? राजाश्रय परत आला आहे, फक्त राजाच्या जागी कंपनी आहे, आणि पाहुण्याला आपले पान आपणच आधी मांडून ठेवावे लागते.

‘ओअ‍ॅसिस’वर २००९ मध्ये जी संगीतिका लागली ती ‘हेअरस्प्रे’. १९६२ चे बाल्टिमोर, दूरचित्रवाणीवरचा नाचाचा एक कार्यक्रम, आणि त्यात कृष्णवर्णीय मुलांना महिन्यातून एकच दिवस प्रवेश, अशी तिची कथा. कार्यक्रमात कोणाला जागा आहे आणि कोणाला नाही, हाच तिचा विषय. उपरोध ताणायचा नाही. खुर्ची न मिळालेला पर्यटक म्हणजे वंशभेदाचा बळी नव्हे. पण दाराबाहेर रांग उभी करून आत हे नाटक खेळताना कोणालाच काही खटकले नसेल तर नाटक पोहोचले नाही, एवढे म्हणता येते.

आता समर्थकांची बाजू, आणि ती हलकी नाही. आरक्षणापूर्वी लोक अर्धा-पाऊण तास आधी जाऊन बसत, शेजारच्या पाच खुर्च्यांवर पिशव्या आणि स्वेटर टाकत, आणि काठी घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मागे उभे राहावे लागे. नोंदणीने ही दांडगाई कमी केली. खरे आहे. परंतु तिच्या जागी आली ती माहितीची दांडगाई. पूर्वी लवकर येणाऱ्याला जागा मिळे, आता लवकर कळणाऱ्याला मिळते. दहाव्यांदा जाणारा सगळे जाणून असतो. आयुष्यात एकदाच, मुलाने तिकीट पाठवले म्हणून निघालेल्या जोडप्याला जहाजावर चढल्यावर कळते की खेळ ‘भरले’ आहेत. आपल्याकडे आरक्षण हा शब्द मागे राहिलेल्याला जागा राखून ठेवण्यासाठी वापरला जातो. येथे तो पुढे असलेल्याला आणखी पुढे बसवण्यासाठी आहे.

बरे, दुसरा मार्गच नाही असेही नाही. कोणत्या खोलीत किती माणसे आहेत हे जहाजाला पहिल्या मिनिटापासून ठाऊक असते. प्रत्येक खोलीला प्रत्येक मोठ्या खेळाची एक रात्र नेमून द्यावी, ज्याला नको त्याने ती परत करावी, ज्याला दुसरी हवी त्याने अदलाबदल करावी, आणि काही खुर्च्या त्या संध्याकाळी मनात आले म्हणून येणाऱ्यासाठी राखाव्यात. पंगतीच्या काळात कागद-पेन्सिलीने जे जमत होते ते ॲपला न जमण्याचे कारण नाही. ते होत नाही याचे कारण तांत्रिक नसून त्या पानावरच दिसते. ज्या ठिकाणी खेळ नोंदवायचे तेथेच पेयांची एकत्रित योजना, बंदरावरच्या सहली, इंटरनेट आणि खास उपाहारगृहांतील जेवणे मांडलेली असतात. प्रवाशाने तेथे पुन्हा पुन्हा, निघण्याच्या कितीतरी आधीपासून यावे यासाठी काहीतरी फुकट ठेवणे भाग असते. संगीतिका त्या यादीत मद्य आणि सहली यांच्या मधे, शून्य किमतीने, उभी आहे.