पद्मिनीला धाप का लागली?

देगलूरच्या आमच्या काकांची प्रीमियर पद्मिनी सध्या घरातला हॉट टॉपिक आहे. जागेवर उभी असतानाही ती घोंघावते, थरथरते. ‘इंजिन गेलं, भंगारात द्या,’ असा सल्ला एका गॅरेजवाल्याने दिलेला. काका म्हणाले, ‘आधी तू बघ, मग ठरवू.’

आता बॉस, ही काही लॅपटॉप लावून एरर कोड काढायची गाडी नव्हे. १०८९ सीसीचं इंजिन, एकच कार्बोरेटर. इथे कानच कामाला येतात. इंजिन गरम केलं, चोक पूर्ण बंद केला. अ‍ॅक्सिलरेटरची दांडीही नीट मागे येत होती. आयडलिंगचा स्क्रू पार सैल केला, तरी इंजिन पळतंच! म्हणजे हवा चोरवाटेने आत शिरतेय. जादा हवेने मिश्रण पातळ होतं; मग वेग चढतो आणि फायरिंग अडखळतं.

रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं, दुसरं कार्बोरेटरच्या बुडाशी फिरवलं (फॅनपासून हात जपून हं!). सूंऽऽ... सापडलं! पॅकिंग चिरलेलं. नवं बसवलं, नट सारखे आवळले, शेवटी मिश्रणाचा स्क्रू जुळवला. पद्मिनी शांत! भंगाराचा विषयही बंद.

कुर्ल्यात बनलेल्या या गाडीचं मुंबईत टॅक्सी म्हणून धावणं ऑक्टोबर २०२३मध्ये थांबलं. उरलेल्या तरी छोट्याशा पॅकिंगपायी कशाला गमवायच्या? गावी अशी एखादी उभी असेल, तर आधी गळती शोधा. इंजिनचा निकाल नंतर!