परवान्याची नवी सावकारी

परभणीच्या कृषी विद्यापीठासारख्या सार्वजनिक संस्थेने संकेतस्थळ स्वतःच्या सर्व्हरवर चालवावयाचे ठरविले, की प्रश्न केवळ यंत्राचा राहत नाही. तो मालकीचा होतो. विंडोज सर्व्हरचा परवाना २०१६ पासून प्रोसेसरच्या कोअरवर आकारला जातो. यंत्रात कोअर आठच असले, तरी दाम किमान सोळांचे! शिवाय २०१२ च्या आवृत्तीची विनामूल्य दुरुस्ती २०२३ मध्ये थांबली आणि नव्या खरेदीचा किंवा जादा वर्गणीचा तगादा सुरू झाला. याला सावकारी नाही, तर काय म्हणावे?

डेबियन लिनक्सला असे भाडे नाही. त्याची संहिता सर्वांना खुली आहे. सी-डॅकची ‘बॉस’ प्रणाली त्याच पायावर उभी आहे. केंद्राच्या २०१५ च्या धोरणानेही मुक्त प्रणालींनाच अग्रक्रम दिला. ‘फुकटाला वाली कोण?’ असे विचारणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की वाली परवाना नसतो. शिकलेला माणूस असतो. म्हणून वाचलेला पैसा परभणीतील तरुणांच्या प्रशिक्षणावर आणि यंत्राच्या मजबुतीवर खर्च व्हावा: चुका सुधारणारी ईसीसी मेमरी, एकमेकींची प्रत ठेवणाऱ्या दोन डिस्क, दोन पॉवर सप्लाय व त्यांमागे यूपीएस. मराठवाड्यातील खंडित विजेपुढे परवान्याचा कागद टिकत नाही. जनतेच्या पैशातून जनतेचेच सामर्थ्य वाढले पाहिजे. कंपन्यांची वसुली नव्हे!